चुंबकसंस्कारित

इंग्रजीतले 'मे' हे साहाय्यक क्रियापद मराठीत कसे आणावे, हा प्रश्न अनुवादाच्या तासाला दरवर्षी निघतो आणि दरवर्षी आम्ही फळ्यावर तीच उतरंड लिहितो: होईल, होत असेल, होत असावे, होऊ शकते, होण्याचा संभव आहे. विद्यार्थी ती उतरवून घेतात. 2022 साली या एका क्रियापदाच्या बाबतीत आम्ही स्वतः जो घोळ घातला, तो वर्गात सांगण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही, म्हणून येथे लिहीत आहोत. विषय वरकरणी साहित्याबाहेरचा आहे: चुंबकातून नेलेले पाणी आणि त्यात वाढवलेले मासे. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमचा एक धाकटा चुलतभाऊ सांगोला तालुक्यात शेती करतो. घरात आणि गावात त्याला बापू म्हणतात. डाळिंबाची बाग, बागेसाठी तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल असे प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे, आणि तळ्यात जोडधंदा म्हणून रोहू, कटला, मृगळ. पहिली दोन वर्षे त्याने हजारभर बोटुकली सोडली. (बोटाएवढ्या पिलाला 'बोटुकली' म्हणतात, त्याच्या कितीतरी आधीची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अवस्था म्हणजे 'मत्स्यजिरे'. इतकी चित्रमय परिभाषा मराठी समीक्षेला कधी लाभली नाही, हे जाता जाता नोंदवतो.) शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांवर मासे वाढत, खर्च भागून थोडे उरत असे. तिसऱ्या वर्षी एरेटर, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारे यंत्र घ्यायचे आणि मासे वाढवायचे, असा त्याचा बेत होता. पैसे बाजूला काढलेले होते.

त्या भागातले बोअरचे पाणी जड. ठिबकच्या तोट्या क्षारांनी बुजतात. चुंबक विकणारा गृहस्थ बापूकडे प्रथम आला तो या दुखण्यावरचे औषध घेऊन. नळीला बाहेरून आवळायचे दोन जाड चुंबक; पाणी त्यांच्यामधून गेले की क्षार चिकटत नाहीत, असे त्याचे सांगणे. मग त्याची नजर तळ्याकडे गेली आणि पिशवीतून दुसरे पत्रक निघाले. तेच चुंबक, पण मत्स्यशेतीसाठी. सोबत एका इजिप्शियन संशोधननिबंधाची छायाप्रत जोडलेली होती. निबंध तिलापियावरचा होता (उजनीच्या काठी त्यालाच चिलापी म्हणतात). बापूने दोन्ही कागदांची छायाचित्रे आम्हांला पाठवली आणि मागोमाग फोन केला.

"दादा, एवढं मराठीत करून द्या की. पर जरा नीट करा. गटातली माणसं बी वाचणार हायत."

'नीट' या शब्दाचा आम्ही आमच्या परीने अर्थ लावला.

पहिली अडचण शीर्षकातच आली. चुंबकाच्या क्षेत्रातून गेलेल्या पाण्याला मराठीत काय म्हणावे? पत्रक छापणाऱ्याने एके ठिकाणी 'चुंबित पाणी' असा शब्द योजला होता, आणि व्युत्पत्ती पाहता त्याचे फारसे चुकलेही नव्हते. चुंबक हा शब्द त्याच धातूपासून आला आहे. तथापि माशांच्या संदर्भात तो शब्द ठेवण्यास मन धजेना. 'चुंबकीय प्रक्रिया केलेले पाणी' हा सरळ पर्याय होता. पण 'प्रक्रिया केलेले पाणी' म्हटले की मराठी कानाला सांडपाणी आठवते. पुष्कळ विचारान्ती आम्ही 'चुंबकसंस्कारित पाणी' असा शब्द घडवला आणि स्वतःवरच खूश झालो. 'प्रक्रिया' या शब्दातून कारखान्याचा वास येतो, 'संस्कारा'तून घरातल्या देव्हाऱ्याचा. एका शब्दाने आम्ही ते पाणी तीर्थाच्या भांड्यात ओतले होते. हे त्या वेळी लक्षात आले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. लक्षात आले होते, म्हणूनच तो शब्द आवडला होता.

दुसरी अडचण त्या 'मे'ची. निबंधाचा निष्कर्ष शास्त्रीय निबंधाच्या रीतीने जपून लिहिलेला होता. वाढ सुधारू शकते. खाद्याचा विनियोग अधिक चांगला होत असावा. अमुक परिस्थितीत असे दिसून आले. पहिल्या मसुद्यात आम्ही हे सारे इमानाने उतरवले. वाचून पाहिले तेव्हा पाचव्या 'होऊ शकते'पाशी परिच्छेद लंगडू लागला. लय नाही, जोर नाही. शासकीय परिपत्रकासारखे काही तरी झालेले. मग आम्ही हात फिरवला. 'मासे जोमाने वाढतात. खाल्लेले अंगी लागते. पाण्यातला प्राणवायू वाढतो. तेवढ्याच तळ्यात अधिक मासे सुखाने राहतात.' प्रत्येक आकड्यापुढे छापलेले अधिक-उण्याचे चिन्ह आणि त्यापुढचा लहानसा आकडा डोळ्यांना खुपत होता, तोही गाळला. 'खाल्लेले अंगी लागते' हे वाक्य आम्हांला विशेष साधले असे वाटले. आजही वाटते, हीच तर पंचाईत आहे. आणि चौथे वाक्य निबंधातले नव्हतेच. ते विक्रेत्याच्या पत्रकातले. दोन कागदांचा एकच मजकूर करताना शास्त्रज्ञाचे कोठे संपते आणि विक्रेत्याचे कोठे सुरू होते, ती शिवण आम्ही इतक्या बेमालूमपणे घातली की पुढे आम्हांलाही ती चटकन सापडली नाही.

बापूचा फोन आला. "दादा, काय लिवलंय! गटात वाचून दाखवलं, माणसं गप बसून ऐकत हुती."

जुलैमध्ये त्याने एरेटरचे पैसे चुंबकाला घातले आणि हजाराऐवजी चार हजार बोटुकली सोडली.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत सारे उत्तम होते. मासे पावकिलोच्या जवळ पोचले होते. मग परतीच्या पावसाचे ढग आले आणि तीन दिवस ऊन पडले नाही. तळ्यातल्या पाण्याचा हिरवेपणा म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री माशांप्रमाणेच तो वापरते. ऊन नसेल तर दिवसाची भर पडत नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो, आणि शिल्लक सर्वांत कमी असते ती पहाटे. चौथ्या दिवशी पहाटे काकी उठून बाहेर आली तो तळ्याच्या बाजूने पावसाच्या थेंबांसारखा आवाज. पाऊस तर नव्हता. चार हजार मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करीत होते. शेतीची वीज पाळीने येते. ती पाळी नव्हती. असती तरी लावायला यंत्र नव्हते. बापू आणि दोन गडी बादल्यांनी पाणी उचलून उचलून आपटत राहिले. उजाडेपर्यंत मोठे मासे उलटे झाले होते. अशा वेळी मोठे आधी जातात. दुपारपर्यंत बहुतेक सारे गेले. बांधाला खड्डा काढून चुना टाकून पुरले.

आम्हांला फोन नऊच्या सुमारास आला. "दादा, मासं गेलं," एवढेच तो म्हणाला. कोणाला बोल लावला नाही, आम्हांला तर नाहीच.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या शेजारी आमचा अनुवाद प्लास्टिकच्या आवरणात घालून टांगलेला होता, आणि 'पाण्यातला प्राणवायू वाढतो' या वाक्याखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. आमच्या आजवरच्या लेखनातले कोणतेही वाक्य कोणी असे अधोरेखित केल्याचे आम्हांला ठाऊक नाही.

त्यानंतर आम्ही वाचायला लागलो. ते आधी करायचे होते. आम्ही भौतिकशास्त्राचे अभ्यासक नव्हे, जाणकारांना पुढील माहितीत काही उणे दिसल्यास त्यांनी अवश्य सांगावे.

चुंबक पाण्याला ओढत नाही, किंचित दूर ढकलतो. हे ढकलणे इतके क्षीण असते की ते दिसावे यासाठी 1997 साली नेदरलँड्समधील नायमेगन येथे आन्द्रे गाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सोळा टेस्लांच्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र लागले. त्यात त्यांनी एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. बेडकाच्या अंगात मुख्यतः पाणीच असते. बेडूक नंतर सुखरूप खाली उतरला. नळीला आवळायचे चुंबक याच्या कित्येक पटींनी दुबळे असतात. 'पाण्याचे रेणू शिस्तीत रांगेत उभे राहतात' असे पत्रकात चित्रासह दिले होते. पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या लक्षकोट्यंश भागाच्या हिशेबात तुटतात आणि जुळतात. नळीतून तळ्यापर्यंतचा प्रवास त्यापुढे युगानुयुगांचा झाला. तेवढा काळ शिस्त पाळील असे पाणी अजून कोणाला आढळलेले नाही.

मग सगळेच थोतांड म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. नळीत क्षार धरू नयेत म्हणून चुंबक वापरण्याचे पेटंट बेल्जियममधील थिओ व्हर्मेरेन यांनी 1945 साली घेतले. सोव्हिएत संघात या विषयावर पुष्कळ काम झाले, व. इ. क्लासेन यांचे त्यावरचे पुस्तक 1978 साली निघाले. काही प्रयोगांत क्षारांच्या स्फटिकांचे रूप बदललेले दिसते, काहींत काहीच दिसत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील मायकेल कोई यांच्यासारख्या चुंबकत्वाच्या जाणत्या अभ्यासकाने 2012 साली हे कसे घडत असावे याची एक उपपत्ती मांडली. 'असावे' हा शब्द येथे आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. म्हणजे तो गृहस्थ ठिबकच्या तोट्यांबद्दल जे बोलला, त्यात वादाला तरी जागा होती. माशांकडे वळताना त्याने जी उडी मारली तिच्याखाली जमीन नव्हती.

आणि ही उडी मोठ्या चतुराईने रचलेली होती, कारण तिच्यातला प्रत्येक सुटा तुकडा खरा होता. मासे आणि चुंबकत्व यांचा संबंध आहे काय? आहे. चिनूक जातीच्या सामन माशांची पिले पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ठरवतात, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत दिसले. पण तेथे क्षेत्रात मासा असतो. क्षेत्रातून कधी काळी जाऊन आलेल्या पाण्याचा तेथे प्रश्नच नाही. प्राणवायू चुंबकाकडे ओढला जातो काय? जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फॅरडेने ते दाखवले, आणि 1891 साली ड्यूअरने द्रवरूप प्राणवायू विद्युतचुंबकाच्या टोकांना चिकटवून दाखवला. पण तळ्याच्या पाण्यात प्राणवायू किती मावेल, हे मुख्यतः पाण्याचे तापमान, त्यातले क्षार आणि हवेचा दाब ठरवतात. तीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. शेवाळ उन्हात त्यावर काही काळ भर घालते, पण पहाटेपर्यंत ती टिकत नाही. पातळी दोन-तीन मिलिग्रॅमच्या खाली गेली की रोहू-कटला वर येऊन तोंडे उघडू लागतात.

इजिप्त, मलेशिया येथील निबंधांत मासे अधिक वाढल्याच्या नोंदी आहेत, हे खरेच आहे. त्या लिहिणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे आम्हांला कारण नाही. मात्र असे प्रयोग बहुधा टाक्यांत होतात, टाक्यांत हवा रात्रंदिवस सोडलेली असते, आणि माशांची संख्या मोजकी असते. चिलापी मुळात चिवट. रोहूला सोसणार नाही असे पाणी ती सोसते. हे सारे निबंधाच्या 'पद्धती' या भागात लिहिलेले असते. तो भाग आम्ही अनुवादातून वगळला होता. रुक्ष वाटला म्हणून.

बापूच्या तळ्यात पहिले साडेतीन महिने मासे खरोखर झपाट्याने वाढले होते, त्याचेही एक साधे कारण नंतर सापडले. चुंबक काय करतो ते पाहावे म्हणून तो दर पंधरवड्याला जाळे टाकून मासे तोलू लागला होता, आणि वजनाच्या हिशेबाने खाद्य देऊ लागला होता. पूर्वी पेंडीचे पोते अंदाजाने रिकामे होई. त्या हंगामात तळ्याकडे जितके लक्ष गेले, तितके आधी कधी गेले नव्हते. याचे श्रेय चुंबकाला द्यावे की नाही, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. बापूने ते देऊन टाकले आहे.

पाण्याला नसते गुण चिकटवण्याचे प्रकार मोठमोठ्यांच्या हातूनही घडले आहेत. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ बोरीस देर्यागिन यांनी 1960 नंतरच्या दशकात बारीक काचनलिकांत सापडलेल्या एका दाट, विलक्षण पाण्याचा मोठा पुरस्कार केला. जगभर त्यावर निबंध झाले. ते पाण्याचे नवे रूप नसून पाण्यात उतरलेली अशुद्धी होती, हे 1973 साली त्यांनी स्वतःच छापून मान्य केले. आमच्या वाचनात हा मजकूर आला तेव्हा आम्ही बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. तेथे सारे जग पाहत होते. आम्हांला फक्त मोटारीच्या खोलीतला एक कागद बदलायचा होता, आणि ते आम्ही चार महिने पुढे ढकलले होते.

त्याच सुमारास एका वेगळ्याच कामासाठी 'रसरत्नसमुच्चय' चाळत होतो. रसशास्त्रावरच्या या संस्कृत ग्रंथात कान्तलोहाचे, म्हणजे लोहचुंबकाच्या जातीच्या लोखंडाचे, पाच प्रकार सांगितले आहेत: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकान्त. लोखंडाला नुसते फिरवतो तो भ्रामक, चिकटतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक. मराठीने यांतला दुसरा शब्द दगडासाठी ठेवला. पहिला ठेवला तो जाहिरातींसाठी आणि आकडेवारीसाठी. आज 'भ्रामक' म्हटल्यावर कोणालाही लोहचुंबक आठवणार नाही. व्युत्पत्तीवरून माणसांना धडे देण्याची खोड आम्हां प्राध्यापकांत असते, तिला येथे आवर घालतो. एवढेच सांगायचे की शब्द सापडल्याचा आनंद त्याही दिवशी झाला, आणि लगोलग त्या आनंदाची भीती वाटली. 'चुंबकसंस्कारित' हा शब्द सुचला तेव्हाही हाच आनंद झाला होता.

दोष भाषेवर ढकलण्याची सोय नाही. मराठी अशा बाबतीत दरिद्री नाही. 'असावे', 'असेल', 'दिसते', 'वाटते', 'म्हणतात', 'म्हणे': संशयाच्या जितक्या पायऱ्या हव्यात तितक्या तिच्यात आहेत. एकटा 'म्हणे' सबंध वाक्याखालचा आधार काढून घेतो. बापूची आई, आमची काकी, शाळेत गेलेली नाही. पण ओल्या बाळंतिणीला मंतरलेले पाणी पाजण्याबद्दल ती बोलते तेव्हा वाक्याच्या शेवटी 'म्हंत्यात' हटकून असते, आणि पाणी पाजून झाल्यावर ती दवाखान्यातही पाठवते. तिच्या व्याकरणात जी सावधगिरी होती, ती आमच्या शैलीत नव्हती. आम्ही सगळे 'म्हणे' गाळून टाकले होते, कारण वाक्य त्यांच्याविना ऐटीत उभे राहत होते.

अखेर 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही तो निबंध पुन्हा अनुवादला. 'पद्धती'सकट, अधिक-उण्याच्या चिन्हांसकट. विक्रेत्याच्या पत्रकातले एकही वाक्य त्यात येऊ दिले नाही. शीर्षकात 'चुंबकातून नेलेले पाणी' असे साधे लिहिले. 'होऊ शकते' नऊ वेळा आले, आणि नऊही वेळा तसेच ठेवले. कागद घेऊन स्वतः गेलो. बापूने उभ्याउभ्याच वाचला.

"दादा, ह्यात कशाचीच खात्री न्हाई की."

"नाहीच," आम्ही म्हणालो.

"मग त्या बारीला तसं का लिवलं हुतं?"

वाचायला बरे वाटावे म्हणून, असे आम्ही सांगितले. दुसरे उत्तर नव्हते. तो काही बोलला नाही. काकीने चहा आणला, तो घेतला. मग त्याने नवा कागद जुन्याच्या खाली चिकटवला. जुना काढला नाही.

त्या वर्षी त्याने कर्ज काढून एरेटर घेतला, वीज नसताना चालावा म्हणून डिझेलचे छोटे जनित्रही घेतले. बोटुकली पुन्हा हजारच सोडली. चुंबक नळीवर होते तसेच आहेत. गंजलेले बोल्ट सोडवायला कोणाला सवड नाही. हंगाम चांगला गेला. मासे काढण्याच्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो होतो. गटातला एक शेतकरी ताज्या रोहूचे वजन पाहून बापूला म्हणाला, "हे कशानं झालं रं?" बापूने नळीकडे बोट दाखवले.

"आणि एरेटर?" आम्ही न राहवून विचारले.

"त्यो बी हाय की, दादा," बापू म्हणाला, आणि पुढची पाटी तोलायला वाकला.